बिनदगडाच्या गावात

लखनौत दगड मिळत नाही. चिकनचे कुडते मिळतात, गलौटी कबाब मिळतात, थंडीत पहाटे चौकात मख्खन-मलई मिळते, नुसता रस्ता विचारला तरी त्यासोबत दहा मिनिटांची अदब मिळते. पण हातात घेऊन कैरीवर भिरकवावा असा एक साधा दगड या शहरात सापडायचा नाही. हे गंगेच्या मैदानातलं गाव आहे, खाली शेकडो मीटर नुसता गाळ. आम्ही कराडकडची माणसं. आमच्याकडे विहीर खणायची म्हणजे सुरुंगवाल्याला आधी बोलावतात. इथे पाया खणा, बोअर मारा, माती संपत नाही. पोरं आंबे पाडायला विटेचा तुकडा मारतात आणि तो अर्ध्या वाटेतच फुटतो. इथल्या भटक्या कुत्र्यांच्या चेहऱ्यावर जो एक सुखवस्तूपणा आहे, तो मला वाटतं यातूनच आलेला आहे.

नवाबांनी ही अडचण कधी अडचण मानलीच नाही. १७८४ साली दुष्काळ पडला म्हणून लोकांच्या हाताला काम द्यायला आसफुद्दौलाने बडा इमामबाडा काढला, तो लखौरी विटांचा आणि चुन्याचा. सुमारे ५० मीटर लांबीचं दालन, मध्ये खांब नाही, तुळई नाही. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ असं म्हणत आपण जी गोष्ट नाइलाजाने पत्करतो, तिच्यावर या लोकांनी राज्य करून दाखवलं. पुढे एकविसाव्या शतकात राजस्थानातून लाल दगड ट्रकांनी आला, गोमतीनगरात आंबेडकर स्मारक उभं राहिलं आणि तिथे दगडी हत्तींची रांग लागली. २०१२ची विधानसभा निवडणूक आली तेव्हा हत्ती हे एका पक्षाचं चिन्ह आहे म्हणून निवडणूक आयोगाने ते सगळे झाकायला लावले. म्हणजे या शहरात दगड आला, तर त्यालाही काही दिवस पडदा पाळावा लागला.

अशा गावात आमच्या दाजींना निवृत्तीनंतर दगडाचे गोळे करायची हौस लागली.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. लखनौच्या मानकनगरमध्ये रेल्वेची ‘आरडीएसओ’ ही संशोधन आणि मानकं ठरवणारी संघटना आहे, १९५७ सालची. इंजिनापासून स्लीपरपर्यंत रेल्वेत काय कसं असावं, ते तिथे ठरतं. देशभरातून इंजिनिअर तिथे येतात, त्यांत मराठीही असतात. काही बदली झाली की सुटल्यासारखे पळतात, काही राहून जातात. दाजी राहिले. नोकरीत त्यांचा विषय होता खडी, म्हणजे रुळाखाली असते ती. तिचा नियम असा की खडा २० ते ६५ मिलिमीटरच्या दरम्यानचा असावा आणि मुख्य म्हणजे कोनेदार असावा. गोल गोटा चालत नाही. कोनेदार दगड एकमेकांत अडकून बसतात, गोल दगड गाडीच्या धक्क्याने सरकतात आणि रूळ जागचा हलतो. दाजींची उभी हयात खदानींच्या नमुन्यांतून गोल दगड शोधून नाकारण्यात गेली. आणि पेन्शनचे कागद हातात पडले त्या उन्हाळ्यात त्यांनी गच्चीवर कोनेदार दगड गोल करायला घेतले. ताईच्या मते हा नाकारलेल्या दगडांचा तळतळाट आहे.

गोळा करायचं तत्त्व इतकं सोपं आहे की ते ऐकूनच माणूस फसतो. बांगडी संत्र्यावर कुठूनही टेकवा, सगळ्या बाजूंनी बसते. बटाट्यावर टेकवली की कुठेतरी फट राहतेच. कडं कसंही टेकवलं तरी ज्यावर ते पुरतं बसतं असा घनाकार एकच, तो म्हणजे गोळा. म्हणून दगडावर कडं फिरत ठेवायचं आणि दगडाची बाजू सारखी बदलत ठेवायची. उंचवटा असेल तिथे कडं आधी लागतं आणि तेवढंच झिजवतं. मापं घ्यायला नकोत, डोळ्यांत तेल घालून बसायला नको. अडाणी कडं आणि अडाणी दगड एकमेकांना घासून घासून भूमितीतला सगळ्यात शुद्ध आकार काढतात. हे सांगताना दाजींचा गळा भरून येतो. ताई म्हणते, “संसारातही हेच होतं. फक्त गोळा कुणाचा होतो ते विचारू नकोस.”

यंत्राला अशी तीन कडी लागतात, एकमेकांशी १२० अंश धरून, मधोमध दगड. कड्याचा व्यास गोळ्याच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश. त्याहून मोठी घेतली तर दगड झिजत आला की तिन्ही कडी एकमेकांनाच भिडतात. कडी फिरवायला दाजींनी मोटारगाडीच्या काचेवरच्या वायपरच्या मोटारी आणल्या, नक्खासच्या रविवारच्या बाजारातून. या बाजारात कबुतरापासून कमोडपर्यंत सगळं मिळतं, पण एकसारख्या तीन वस्तू मिळत नाहीत. एक मोटार बसची निघाली, दोन वेगवेगळ्या गाड्यांच्या, तिघींचा वेग निराळा. दाजी दोन दिवस खट्टू होते. मग लक्षात आलं की हेच हवं होतं. तिन्ही मोटारींचं एकमत झालं तर दगड एकाच आसावर फिरत राहतो आणि त्याला पट्टा पडतो. मतभेद असले की तो भरकटतो, आणि भरकटला तरच गोल होतो.

वायपरची मोटार १२ व्होल्टची, म्हणजे ती इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालते. जूनमध्ये लखनौचा पारा ४४-४५ अंशांना टेकतो आणि त्याच सुमाराला वीज जाते. अशा वेळी त्या बॅटरीवर पंखा चालवावा की गोळा, हा प्रश्न त्या घरात एकदाच निघाला. उत्तर ताईने दिलं. पुढच्याच आठवड्यात गच्चीवर दुसरी बॅटरी आली.

आता घासायचं कशाने? आमच्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा कठीणपणा मोजपट्टीवर साधारण ६, गारगोटी ७, कुरुंद ९, हिरा १०. सुरुवातीला दाजींनी जुनी रीत धरली. जीआय पाइपाचे सॉकेट कड्यांसारखे लावायचे आणि कार्बोरंडमची पूड पाण्यात कालवून वर घालत राहायची. ही रीत चालते, पण दगड जेवढा झिजतो तेवढंच लोखंडही झिजतं, आणि दोन्ही मिळून जो करडा चिखल होतो तो गच्चीवरून ताईच्या पापडांवर जातो. त्यामुळे हिऱ्याकडे वळण्याचा निर्णय निम्मा तांत्रिक होता आणि निम्मा कौटुंबिक.

हिरे सुरतेहून कुरिअरने आले. दाजींनी जेवताना सहज सांगितलं, “हिरे आलेत.” ताईच्या हातातली पोळी तव्यावरच राहिली. लग्नात तिला कुड्यासुद्धा मोत्याच्याच घातल्या होत्या. पाकीट फोडलं तर आत चिमूटभर करडी-पिवळी पूड. कॅरटवर मोजलेली, कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि भाव विचारला तर पावशेर मिरच्यांच्या आसपास. हे कारखान्यात केलेले हिरे. १६ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी कार्बनवर प्रचंड दाब आणि उष्णता देऊन पहिल्यांदा खात्रीने हिरा करून दाखवला. कंपनीने त्यांना बक्षीस म्हणून दहा डॉलरचा बचतरोखा दिला. ही हकिगत दाजींनी ताईची समजूत काढायला सांगितली. ती म्हणाली, “म्हणजे हिऱ्यांच्या बाबतीत पुरुष पहिल्यापासूनच असे.” दहा डॉलर देणारी कंपनी होती, हे मी तिच्या नजरेस आणून दिलं नाही.

हिऱ्याची पूड मिळाली म्हणजे हत्यार झालं असं नाही. पूड कड्याला धरून राहिली पाहिजे, आणि सगळी मारामारी इथेच आहे. दाजींनी आधी अरल्डाइटमध्ये पूड कालवून सॉकेटच्या ओठावर थापली, चोवीस तास वाळवली आणि मोठ्या समारंभाने यंत्र सुरू केलं. कडं दगडावरून गुळगुळीत फिरत राहिलं. दगडाला ओरखडा नाही. मग दाब वाढवला, तर कडं तापलं, अरल्डाइट मऊ पडलं आणि सगळे हिरे पाण्याबरोबर पन्हाळीतून खाली, खालून कुकरैल नाल्यात, आणि नाल्यातून गोमतीत. पुढेमागे कुणी तिथे उत्खनन केलं तर नवाबी वैभवाचा नवा पुरावा म्हणून त्यावर प्रबंध होईल.

यातून वाट काढली ती शेजारच्या वकीलसाहेबांनी. वकीलसाहेब लखनौचे पिढीजात. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी इथे पतंगांचा ‘जमघट’ असतो, त्यात एके काळी त्यांच्या गच्चीकडे बोट दाखवायचे. काचेच्या मांजावर आता निर्बंध आहेत, म्हणून ते फक्त आठवणींवर पेच लढवतात. दाजींचं कडं त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, अंगठ्याने चाचपलं, आणि अत्यंत दुःखाने म्हणाले, “हुज़ूर, आपने तो हीरे को डुबो दिया.” मांजाला खळ लावताना तिच्यात काच बुडता कामा नये, दाणा निम्मा आत आणि निम्मा बाहेर हवा, नाहीतर पतंग नुसता गोंद घेऊन उडतो. घर्षणाच्या सगळ्या हत्यारांचा हा पहिला धडा आहे. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात तो दोन पानं घेतो, वकीलसाहेबांनी एका उसाशात उरकला.

मग तांब्याचं कडं झालं. ही जगभरच्या पैलूकारांची जुनी युक्ती. तांब्याच्या जाड नळीच्या ओठावर छिन्नीने बारीक खाचा पाडायच्या, तेलात कालवलेली हिऱ्याची पूड खाचांत भरायची आणि हलक्या हातोडीने खाचा मिटवायच्या. तांबं मऊ, म्हणून दाणा त्यात रुतून बसतो, दगड कठीण, म्हणून दाण्याला तिथे रुतता येत नाही. मग झिजतो तो दगड. खंबातचे अकीकवाले मण्यांना भोक पाडायला लोखंडी सळईच्या टोकावर हिऱ्याच्या दोन कण्या बसवतात आणि धनुष्याच्या दोरीने ती सळई फिरवतात. हिऱ्याचं हत्यार घरी करणं हा आपल्याकडे छंद नव्हता, धंदा होता. दाजींच्या तांब्याच्या कड्याने काम केलं, पण खाचा दर आठ-पंधरा दिवसांनी भराव्या लागत, आणि प्रत्येक भरणीला ताईच्या चेहऱ्यावर तो मोत्याच्या कुड्यांचा भाव येई.

अखेर ज्याने निभावलं ते कचऱ्यातून आलं. फरशी कापायच्या मार्बल कटरच्या पात्याला कडेने जे जाडसर दात असतात ते धातूच्या भुकटीत हिरे मिसळून भाजलेले असतात. पातं कामाला कमी झालं की फरशीवाले ते फेकून देतात. लखनौच्या चारी अंगांना इतकी बांधकामं चालू आहेत की सकाळच्या फिरण्यात दाजी खिसाभर हिरे गोळा करतात. हे दात कापायचे आणि पाइपाच्या सॉकेटवर गोलाकार बसवायचे. पण सॉकेटचा ओठ सरळ हवा, त्यासाठी लेथ हवा, आणि लेथ म्हटलं की लाटूश रोड. या रस्त्यावर पंप, मोटारी, बेअरिंग आणि त्यांची दुखणी काढणारे कारागीर खांद्याला खांदा लावून बसलेले असतात. मी त्या दिवशी दाजींबरोबर होतो. लेथवाल्याने सॉकेट चकमध्ये धरलं, मग हात थांबवून विचारलं, “बाबूजी, बुरा न मानिएगा, इससे बनेगा क्या?”

“गोला,” दाजी म्हणाले.

“और गोले से?”

“कुछ नहीं।”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने चक सोडला, सॉकेट काढलं, पुन्हा नीट मध्यावर बसवलं आणि म्हणाला, “तब तो अच्छे से बनाना पड़ेगा।”

दात जोडायला आणखी एक गुरू लागला. हिरा म्हणजे कार्बन, कोळशाचा सख्खा भाऊ. सात-आठशे अंशांच्या पुढे हवेत तो खराब व्हायला लागतो. त्यामुळे साधं वेल्डिंग नको, चांदीचा टाका हवा, कारण तो त्याच्या आत वितळतो. चौकात चांदीचे दागिने घडवणारे आहेत, शेजारी वर्ख कुटणाऱ्यांची ठकठक चालू असते. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने लोखंडाचा तुकडा पाहून आधी हात मागे घेतला. पैंजणांच्या उमेदीने उघडलेल्या दुकानात पाइपाचं सॉकेट आलेलं होतं. पण आत हिरे आहेत म्हटल्यावर त्याच्यातला जवाहिऱ्या जागा झाला. त्याने टाकणखार लावला, फुंकणीची ज्योत लांबून खेळवत आणली, चांदी एका क्षणात पाण्यासारखी पळाली आणि दात बसले. पैसे घेताना म्हणाला की आजवर अनेकांनी लोखंडावर चांदीचं पाणी चढवून फसवायला सांगितलं, चांदी आत आणि लोखंड बाहेर ठेवणारे तुम्ही पहिले.

आणि मग तेही कडं महिन्याभरात बोथट झालं. हिरे तिथेच होते, दिसत होते, पण कापेनात. कठीण दगडावर सतत फिरून धातूला चकाकी चढते आणि दाणे त्यात परत बुडतात, वकीलसाहेबांचाच धडा. यावर उपाय जगभर एकच आहे: कडं थोडा वेळ मऊ आणि खरखरीत वस्तूवर चालवायचं, म्हणजे वरचा धातू खरवडला जाऊन नवे दाणे डोकं काढतात. यासाठी परदेशात खास दगडी कांड्या विकत मिळतात. दाजींनी पडक्या कुंपणाची एक वीट आणली. दोन मिनिटं तांबडा चिखल उडाला आणि कडं पुन्हा धारदार. जगातल्या सर्वांत कठीण पदार्थाला धार लावायला साधी वीट लागते, आणि त्या तर या गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने मिळतात. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना तिचा हा उपयोग ठाऊक असता तर म्हण जरा वेगळी झाली असती.

पाण्याबद्दल मात्र दाजी थट्टा खपवून घेत नाहीत. दगड कोरडा घासायचा नाही. यंत्रावर सलाईनची बाटली उलटी टांगलेली आहे, नळीला ती थेंब मोजायची चकती आहे, आणि दगडावर टपटप पाणी पडत असतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की दगडाची प्रकृती गंभीर आहे. त्या पाण्याने हिरा थंड राहतो आणि धूळ उडत नाही. खंबातच्या अकीक कारागिरांच्या पिढ्या त्या धुळीने सिलिकोसिसला बळी पडल्या आहेत. फुप्फुसात गेलेली गारेची धूळ पुन्हा बाहेर येत नाही. तेव्हा छंदाची बाकी सगळी सामग्री भंगारातून आणा, तोंडाला लावायचा चांगला मास्क तेवढा नवा घ्या.

घरी केलेल्या हत्याराने दगड झिजवण्यात दाजी लखनौतले पहिले नव्हेत. तो मान क्लॉड मार्टिनचा आहे. हा फ्रान्समधल्या लियोंचा, १७३५ सालचा जन्म, सैनिक म्हणून हिंदुस्थानात आला, पुढे ईस्ट इंडिया कंपनीत शिरला आणि नवाबांच्या लखनौत गडगंज झाला. त्याला मूत्राशयात खडा झाला. त्या काळी खडा काढायचा म्हणजे शस्त्रक्रिया, आणि भूल नसताना शस्त्रक्रिया म्हणजे बहुधा मृत्युपत्र. मार्टिनने स्वतःच हत्यार केलं. पोलादाची बारीक तार, टोकाला कानशीसारखे दाते पाडलेले, मागे व्हेलबोनची मूठ. नळीतून ती आत घालायची आणि खडा थोडा थोडा कानसायचा. १७८२ साली त्याने हे महिनोन् महिने केलं, दिवसातून कधी कधी १२ वेळा. खडा चुरा होऊन बाहेर पडला, आणि मार्टिन १८०० सालापर्यंत जगला. त्याने बांधलेल्या कॉन्स्टॅन्शिया या वाड्यात आज ला मार्टिनिअर शाळा आहे. तिचं लॅटिन ब्रीद ‘श्रमाने आणि सातत्याने’ अशा अर्थाचं आहे. मुलांना ते अभ्यासाबद्दल वाटतं. ही हकिगत मी दाजींना सांगितली तेव्हा ते बराच वेळ अस्वस्थ होते. शेवटी म्हणाले, “त्याला गोल करायचा नव्हता म्हणून जमलं.”

लखनौत दगड झिजवणाऱ्यांचं दुसरं घराणं विज्ञानाचं. विद्यापीठ मार्गावर बिरबल साहनी यांची पुराविज्ञान संस्था आहे. साहनी हे दगडात गेलेल्या झाडांचे अभ्यासक. आमच्या दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये, छिंदवाड्याकडच्या मोहगाव कलानला गारेत जपलेली फळं-फुलं सापडतात, त्यांवर त्यांनी इथे बसून काम केलं. दगडातली पेशी पाहायची तर दगड घासून घासून इतका पातळ करावा लागतो की त्यातून उजेड जाईल. खडकाचा असा काप साधारण ०.०३ मिलिमीटर जाडीचा असतो. संस्थेची कोनशिलासुद्धा साधी नाही, तिच्यात ठिकठिकाणचे जीवाश्म जडवलेले आहेत. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी ती बसवली आणि आठवडाभरात, १० एप्रिलला साहनी गेले. संस्था त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी उभी केली. पुढे सुरंगे या मराठी आडनावाचे संचालकही तिला लाभले.

दाजी मात्र साहनींकडे थोडं संशयाने पाहतात, कारण दाजी स्वतः बांद्याच्या शजर दगडाचे भक्त आहेत. बांद्याला केन नदीत हा अकीक मिळतो. आत हुबेहूब झाड, फांद्या, पानं, नेचे दिसतात, आणि त्यांत झाडाचा अंशही नसतो. भेगांतून झिरपलेल्या लोह-मँगनीजच्या ऑक्साइडची ती नक्षी. साहनींच्या गारेत बाहेरून काही दिसत नाही आणि आत सबंध झाड असतं. उत्तर प्रदेश सरकारने ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत शजर बांद्याच्या नावे लावला आहे. दाजी बांद्याहून एक मोठा तुकडा घेऊन आले, गोळा करताना नक्षीवर नेमकं कडं चाललं, आणि सगळं जंगल सांडपाण्यात वाहून गेलं. मग साहनींचा फोटो असलेली पुस्तिका पुन्हा टेबलावर आली.

या सगळ्यात मला खरी मजा वाटते ती पाहणाऱ्यांची. लखनौचे लोक गच्चीवर येतात, गोळा हातात घेतात, वजन जोखतात, फिरवून उन्हात धरतात, ‘वाह’ म्हणतात आणि बसतात. कबुतरं उडवण्यात, लावे झुंजवण्यात, पतंगाच्या मांजात जहागिऱ्या घालवलेलं हे शहर. निरुपयोगी गोष्ट मन लावून करणाऱ्या माणसाकडे इथे आदराने पाहतात. पुण्याहून नातलग आले की पहिला प्रश्न, “एक केवढ्याला जातो?” जात नाही म्हटलं की दुसरा, “मग पेपरवेट म्हणून?” ज्या घरात आता कागदच येत नाही तिथे पेपरवेट. एका चुलत मेहुण्यांनी गोळ्याला ‘ऊर्जागोल’ म्हणायचा, ईशान्य कोपऱ्याची महती छापायची आणि ऑनलाइन विकायचा, असा पूर्ण धंदा जिना उतरेपर्यंत उभा करून दिला. एका आत्यांनी तेवढा व्यवहार्य प्रश्न विचारला: पायावर पडला तर? तो पडलेला आहे. दाजींच्या डाव्या अंगठ्याचं नख नवीन आहे.

गोळा कितपत गोल झाला ते दाजी व्हर्नियरने मोजतात, वेगवेगळ्या बाजूंनी, आणि वहीत लिहितात. आजवरचा त्यांचा सर्वांत चांगला गोळा ७५ मिलिमीटरचा आहे आणि त्यात ०.३ मिलिमीटरची खोट आहे. किलोग्रॅमच्या नव्या व्याख्येसाठी ऑस्ट्रेलियात शुद्ध सिलिकॉनचा गोळा घासला होता. तो पृथ्वीएवढा केला तर त्यावरचा सगळ्यात मोठा चढउतार काही मीटरांचाच भरेल. हे वाचून दाजींनी आपल्याही गोळ्याचा हिशोब मांडला. पृथ्वीएवढा केला तर त्यांच्या गोळ्यावरचा डोंगर ५१ किलोमीटर उंच निघतो. एव्हरेस्ट ८.८५ किलोमीटर. म्हणजे पावणेसहा एव्हरेस्ट एकावर एक. ताईने हा आकडा ऐकून बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, “लागत तर नाही.” त्या घरात दाजींना मिळालेलं हे आजवरचं सर्वोच्च प्रशस्तिपत्र आहे.

आता अडलंय ते कच्च्या मालाशी. स्वयंपाकाच्या ओट्याच्या ग्रॅनाइटचे तुकडे फुकट मिळतात, पण त्यांची जाडी दोन सेंटिमीटर, त्यातून फार तर गोट्या होतील. रुळाखालची खडी हव्या त्या मापाची आहे, पण ती उचलणं हा गुन्हा आहे, आणि दाजींना त्याचं कलम पाठ आहे. शोधता शोधता त्यांची नजर ताईच्या वरवंट्यावर गेली. कराडहून लग्नात आलेला, काळ्या दगडाचा, निम्मा आधीच गोल. त्या दिवसापासून वरवंटा गोदरेजच्या कपाटात कुलपात आहे, दागिन्यांच्या शेजारी, आणि चटणी मिक्सरमध्ये होते.

तेव्हा कराड-साताऱ्याकडून कुणी लखनौला येणार असेल तर विनंती आहे. बाकरवडी नको, कंदी पेढेही राहू द्या. तुमच्या माळ्यावर वापरात नसलेला वरवंटा पडला असेल तर तो आणा. त्याच्या दोन टोकांपेक्षा पोटाची जाडी महत्त्वाची, ती निदान वीतभर घेराची असावी. बॅगेत टाकण्याआधी दोरीने लोंबता धरून त्यावर लोखंडी सांडशीने एक टोला मारून पाहा. खणखणीत आवाज आला तर दगड अखंड आहे. भद्द आवाज आला तर आत भेग आहे, तो तसाच माळ्यावर ठेवा.